डावीकडचा उंच मनोरा

बोटीच्या लिफ्टमध्ये एक छोटा गालिचा असायचा आणि त्यावर त्या दिवसाचा वार विणलेला असायचा. रोज पहाटे कोणीतरी तो बदलून जायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी त्याची थट्टा केली. तिसऱ्या आठवड्यात सगळेच गुपचूप मान खाली घालून वार बघायला लागले. पूर्वेकडच्या समुद्रांतून चाळीस दिवस चालणाऱ्या त्या सफरीत दिवसांचा पार लगदा झाला होता. खिडकीबाहेर सकाळी पाणी, दुपारी पाणी, आणि मग एखाद्या दिवशी पाण्याच्या जागी अचानक एक गाव उभं. छातीवर बसचा नंबर चिकटवून उतरायचं, कोण्या राजाने राणीसाठी नाहीतर शत्रूच्या नाकावर टिच्चून बांधलेलं काहीतरी बघायचं आणि परत येऊन जेवायचं. हत्ती कुठल्या भिंतीवर होते आणि कमळं कुठल्या तळ्यात, यावरून दोन दिवसांनी नवरा-बायकोत जुंपायची.

ब्लॉकवाले आणि बाई यांच्यात मात्र जुंपत नसे. बाईंना सगळं आठवायचं. चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेला. कुठला राजा कुठल्या भिंतीशी मेला हे त्या झोपेतही सांगतील. त्यांना बहुतेक सगळे बाई म्हणत. नवराही बाईच म्हणायचा, आधी चेष्टेने आणि मग सवयीने.

ब्लॉकवाले म्हणजे त्यांचे यजमान. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात छत्तीस वर्षं चित्रांच्या फिल्मा आणि छपाईचे ठसे, म्हणजे ब्लॉक, बनवता बनवता माणसाचं खरं नाव मागे पडलं आणि काम पुढे आलं. नजर अशी, की पहिल्याच दिवशी बोटीवरचं जेवणाचं कार्ड हातात घेऊन ते म्हणाले, "लाल रंग केसभर सरकलाय." शेजारच्या खुर्चीतल्या दातांच्या डॉक्टरांनी चष्मा पुसून पाहिलं, मग भिंग मागवून पाहिलं, आणि तेव्हापासून ते ब्लॉकवाल्यांना घाबरून असत. डॉक्टर एकटेच सफरीला आले होते, आणि तेरा व्याख्यानांपैकी अकरांना झोपले होते. ही नोंद अर्थात ब्लॉकवाल्यांचीच. कोण किती वेळा उशिरा येतो, कोण कोणाच्या उशिराबद्दल बोलतो, कोण समुद्राकडे बघतो आणि कोण समुद्राकडे बघणाऱ्यांकडे, सगळं त्यांच्या डोक्यात ओळीने मांडलेलं असे. चूक त्यांच्या हाताखालून सुटत नाही, अशी त्यांची ख्याती होती.

एक सुटली होती. आणि सव्विसाव्या दिवशी बोट तिच्याच दारात नांगर टाकणार होती.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक चित्र होतं. टेकडीवर एक जुना महाल, पुढे रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना एकेक मनोरा. एक उंच, एक अर्ध्यावर सोडलेला. त्या चित्राची फिल्म ब्लॉकवाल्यांनी उलटी ठेवली. काचेवर फिल्म ठेवताना पाठपोट चुकलं की डाव्याचं उजवं होतं, एवढीच गोष्ट. चित्रात पाटी असती, एखादं अक्षर असतं, तर ते उलटं दिसून कोणीही ओरडलं असतं. पण चित्रात अक्षर नव्हतं, आणि दगडाला डावं-उजवं कळत नाही. पुस्तक छापून निघालं. उंच मनोरा डावीकडे गेला.

पुस्तक निघाल्यावर महिन्याभराने एक तरुण शिक्षिका छापखान्यात आली. चित्र फार सुंदर आहे, म्हणाली, वर्गात लावायला मोठं करून मिळेल का? ब्लॉकवाले फिल्म घेऊन अंधारखोलीत गेले. फिल्मच्या कोपऱ्याला एक बारीक खाच असते. ती अंगठ्याला उजवीकडे लागली की फिल्म सुलटी. त्या अंधारात खाच त्यांच्या अंगठ्याला उजवीकडे लागली आणि त्यांना आठवलं, की मागच्या वेळी ती डावीकडे होती. बाहेर ती बाकावर बसून वाट बघत होती, हातात पुस्तक उघडं धरून. सुलटं चित्र दिलं तर ती दोन्ही शेजारी धरून बघणार. ब्लॉकवाल्यांनी फिल्म पालथी केली आणि मोठं चित्र पुस्तकासारखंच उलटं काढून दिलं.

पहिली चूक होती. दुसरी मात्र मुद्दाम.

वर्षभरात तिच्याशीच त्यांचं लग्न झालं. चित्र वर्गाच्या भिंतीवर गेलं आणि चौतीस वर्षं तिथेच राहिलं. परीक्षेत प्रश्न यायचा, "चित्रातील कोणत्या बाजूचा मनोरा अपूर्ण आहे?" आणि सगळ्या मुली एका सुरात चुकीचं उत्तर बरोबर लिहायच्या. एकदा घरी भेट आलेल्या कॅलेंडरवर तोच महाल निघाला, उंच मनोरा उजवीकडे. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय?" ब्लॉकवाल्यांनी चहाच्या कपातून मान वर न काढता सांगितलं, "फिल्म उलटी लावलीय. हल्ली कामात लक्ष कुठे असतं लोकांचं!" या विषयातला शेवटचा शब्द त्यांचाच. बाई खूप हसल्या, आणि कॅलेंडरवाल्यांना एक सविस्तर पत्र लिहून पोस्टात टाकायला नवऱ्याच्या हाती दिलं.

फोन आले, फोनमध्ये जगातले सगळे महाल आले, पण बाईंनी पाहिले नाहीत. "जे डोळ्यांनी बघायचंय ते आधी फोनवर बघून उष्टं करायचं नाही," हा त्यांचा नियम. वर्गातल्या प्रत्येक तुकडीला त्या सांगत आल्या होत्या, की हा फोटो काढणारा जिथे उभा होता ना, तिथे एक दिवस मी जाऊन उभी राहणार. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी लेकीने ही सफर ठरवून दिली, तेव्हा आईने गावांची यादी वाचली आणि सव्विसाव्या दिवसावर बोट ठेवून नुसती हसली. वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं, ते लेकीला उन्हाळ्यामुळे वाटलं.

आदल्या दुपारी बोटीच्या नाट्यगृहात त्या महालावर व्याख्यान होतं, मोठ्या पडद्यावर चित्रांसकट. ब्लॉकवाल्यांना नेमकी तेव्हाच चक्कर आली. बोटीवरच्या डॉक्टरने नाडी बघून पाणी प्या म्हटलं. बाई व्याख्यान सोडून दोन तास त्यांचा हात हातात धरून बसल्या. खिडकीबाहेर समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट होता. "बरं वाटतंय ना?" त्या दर दहा मिनिटांनी विचारत होत्या. ब्लॉकवाल्यांना दर दहा मिनिटांनी अधिक वाईट वाटत होतं.

सव्विसाव्या सकाळी किनारा धुक्यात होता. बोट लांबच थांबली आणि छोट्या होड्यांतून माणसं जायला लागली. पांढऱ्यातून निघून पांढऱ्यात जाणारी होडी. पाणी दिसत नव्हतं, फक्त त्याचा आवाज येत होता. सव्वीस दिवस डुलल्यावर जमिनीवर पाय ठेवला की जमीनच डुलायची. त्या डुलत्या जमिनीवरून बस टेकडीवर चढली, आणि वर पोचेपर्यंत धुकं असं उठलं, जसं कोणी झोपलेल्या माणसावरची चादर हळूच काढून घ्यावी.

महाल समोर होता. रुंद पायऱ्या, मधल्या अंगाचा दगड उन्हात मधासारखा. डावीकडे अर्धवट मनोरा. उजवीकडे उंच.

ब्लॉकवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"दोन सुळे," डॉक्टर म्हणाले, "एक मोडलेला. कॅप बसवली असती तर हा महाल आज चावू शकला असता. काय वहिनी?"

बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी महालाकडे पाहिलं, मान थोडी तिरकी केली, आणि वर्गात एखाद्या मुलीने भलतंच उत्तर दिल्यावर हसाव्यात तशा त्या हसल्या.

"आपल्याला मागच्या बाजूला उतरवलंय," त्या म्हणाल्या.

गाईड हातात अकरा नंबरची पाटी धरून उभा होता. तो नम्रपणे म्हणाला, "बाई, पुढची बाजू हीच."

"नवीन आहात का तुम्ही?"

"बावीस वर्षं झाली."

"होतं असं कधीकधी," बाई समजुतीने म्हणाल्या, आणि पर्स खांद्याला लावून चालू लागल्या. ब्लॉकवाले मागोमाग. काहीतरी बोलायला हवं होतं, पण चव्वेचाळीस वर्षांचं मौन असं बसच्या दाराशी उभं राहून मोडता येत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पाचावर धारण बसली होती.

महालातून पलीकडे जायला वीस मिनिटं लागली. आत ओवऱ्यांवर ओवऱ्या होत्या. एकीतून दुसरीत गेलं की पहिलीच परत आल्यासारखी वाटायची. खांबांच्या सावल्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या, त्या ओलांडताना बाई नकळत पाय उंच टाकत होत्या, शाळकरी मुलीसारख्या. एका अंगणात कोरडं तळं होतं. तळाशी वाळलेली पानं वाऱ्याने गोल गोल फिरत होती, जणू पाणी गेलं तरी भोवरा गेला नव्हता. आपण चालतोय की दगडच हळूहळू मागे सरकताहेत, ते कळेना. ब्लॉकवाल्यांना क्षणभर वाटलं, हे असंच चालत राहिलं आणि कधी संपलंच नाही तर किती बरं होईल.

मागची बाजू आली. आता उंच मनोरा डावीकडे आला होता.

"बघा!" बाई म्हणाल्या. मग थांबल्या. इथे पायऱ्या नव्हत्या. नुसती आंधळी भिंत, एकही खिडकी नसलेली, आणि तिच्या पायाशी रान. चित्रात तर पायऱ्या होत्या. एकोणीस. कित्येकदा मुलींकडून मोजून घेतलेल्या.

"पडल्या असतील," त्या म्हणाल्या आणि रानात शिरून चार दगड पाहून आल्या. मग म्हणाल्या, फोटो तळ्यापलीकडून घेतला असेल. तळ्यापलीकडे गेल्या. मग म्हणाल्या, टेकडीच्या खालून. तिथे जाऊन आल्या. बाईंचा इतिहास पक्का होता. मिळत नव्हती ती जागा. ब्लॉकवाले प्रत्येक ठिकाणी दहा पावलं मागे उभे राहिले. नसलेली जागा कशी सापडणार?

साडेतीनला बस निघणार होती, चारला शेवटची होडी. तीन वाजले. बाई एका झाडाखालच्या दगडावर बसल्या. बराच वेळ त्यांनी आपल्या दोन्ही तळहातांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वर्गातला नव्हता. "आईचं असंच सुरू झालं होतं."

"काय?"

"चप्पल. डाव्या पायातली उजव्यात घालायची. आम्ही हसायचो. मग एक दिवस स्वयंपाकघर समजून ती गच्चीवर जाऊन बसली." त्यांनी हात पदरात लपवले. "बोटीवर परवा खोलीतून निघाले ती उलट्या दिशेला गेले. तुम्हाला सांगितलं नाही. आणि आता हे. चौतीस वर्षं रोज बघितलेलं चित्र, अहो. तेच जर डोक्यात फिरलं असेल तर बाकी काय उरलं? लेकीला आत्ताच सांगू नका. पण मला खरं सांगा. चित्रात उंच मनोरा डावीकडेच होता ना?"

ब्लॉकवाल्यांसमोर दोन वाटा होत्या, आणि एक अगदी सोपी होती. 'विसरला असाल, बाई,' एवढं म्हटलं की ते कायमचे सुटत होते. हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्याचीच त्यांना एवढी भीती वाटली, की ते बाईंसमोर मातीत बसले.

"डावीकडेच होता," ते म्हणाले. "फिल्म मी उलटी ठेवली होती."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"पुस्तकाची. तुम्ही बरोबर आहात, पुस्तक चुकीचं आहे. आधीपासून."

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"अगदी."

बाईंनी एवढा लांब श्वास सोडला, की झाडावरचा एक पक्षी उडाला. त्यांनी डोळे मिटले. त्या हसत होत्या. ब्लॉकवाल्यांना वाटलं, सुटलो. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतरही माणसाला असं वाटू शकतं.

डोळे न उघडताच बाई म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

इतिहासाच्या शिक्षिकेशी लग्न केलं की सनावळी चुकवता येत नाही.

"तुम्ही मोठं चित्र मागायला आलात त्या दिवशी."

"देण्याआधी की नंतर?"

"आधी."

"आणि तरी उलटंच काढून दिलंत."

"तुम्ही बाहेर बसला होता, पुस्तक उघडं धरून."

"आणि कॅलेंडर?"

"ते बरोबर होतं."

"मी त्यांना पत्र लिहिलं होतं! दोन पानी! निष्काळजी म्हटलं होतं त्यांना!"

"मी ते टाकलंच नाही पोस्टात."

"वा! म्हणजे पुण्यच केलंत की!" बाई उठल्या. रागाने त्यांना पदर सापडेना. मग त्या परत बसल्या, आणि आता त्या कुठेतरी लांब बघत होत्या.

"एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "माझ्या नोकरीचं सातवं-आठवं वर्ष असेल. वडील बोटीवर नोकरीला. तिने वहीत उंच मनोरा उजवीकडे काढला. म्हणाली, बाबांनी पाहिलाय. मी तिच्या हातात खोडरबर दिला. म्हटलं, बाबांपेक्षा पुस्तक मोठं असतं. रडत रडत खोडलं हो तिने. खोडता खोडता कागद फाटला."

ब्लॉकवाल्यांच्या डोक्यातल्या सगळ्या नोंदींमध्ये ही नव्हती. इतकी वर्षं ते हिशेब एकट्या स्वतःचा करत होते.

"तुमच्या पर्समध्ये आरसा आहे ना," ते हळूच म्हणाले. "पायऱ्यांसमोर पाठ करून उभ्या राहिलात आणि आरशात बघितलंत, तर पुस्तकातलं चित्र दिसेल. तस्संच. तुमची जागा मिळेल."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मागच्या बाकावरच्या मुली गप्प व्हाव्यात.

"चव्वेचाळीस वर्षं तुमच्या आरशातच बघितलं," त्या म्हणाल्या. "पुरे झालं."

त्या पुढच्या बाजूला गेल्या आणि पायऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. एकट्या. ऊन कललं होतं. डॉक्टर कॅमेरा घेऊन पुढे आले, "वहिनी, फोटो काढू?" "नको," बाई म्हणाल्या, "आधी मला बघू दे." त्या बघत राहिल्या. पहिल्यांदा बघावं तसं, एकेक दगड वाचत. ओळखीच्या माणसाने नाव बदलून यावं आणि आपण त्याला नव्याने हाक मारून बघावी, तसे त्यांचे ओठ हलत होते. बसने दोनदा भोंगा वाजवला. गाईडने पाटी वर धरली आणि खाली घेतली. बावीस वर्षांत त्याने लोकांना महालाकडे पाठ करून फोटो काढतानाच जास्त पाहिलं होतं.

बसमध्ये बाई म्हणाल्या, "माझ्या शेजारी बसू नका." ब्लॉकवाले डॉक्टरांशेजारी जाऊन बसले.

"काय झालं?" डॉक्टर कुजबुजले.

"जुनं दुखणं."

"मुळापर्यंत गेलंय?"

"गेलंय."

"मग बरंय. वरवरचं फार त्रास देतं," डॉक्टर म्हणाले आणि लगेच झोपले.

होडीतही बाई पुढे बसल्या आणि ब्लॉकवाले मागे, मध्ये बारा माणसं. धुकं परत उतरायला लागलं होतं, पण टेकडी अजून वर तरंगत होती, पायाशी काही नसल्यासारखी. बाई मागे वळून टेकडीकडे बघत होत्या, म्हणजे ब्लॉकवाल्यांच्या डोक्यावरून.

"उंच कुठला?" त्यांनी एकदम विचारलं.

बारा माणसांनी मागे पाहिलं.

"उजवीकडचा," ब्लॉकवाले म्हणाले.

"ऐकू आलं नाही."

"उजवीकडचा!"

"पुन्हा."

"उजवीकडचा, बाई!" सत्तरी उलटलेला माणूस भर समुद्रात ओरडला. कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

होडीने भूशिराला वळसा घ्यायला सुरुवात केली. बोट पलीकडे उभी होती. पाणी कापताना टेकडी आपल्याच जागी हळूहळू फिरायला लागली. दोन्ही मनोरे एकमेकांकडे सरकू लागले, जवळ आले, आणखी जवळ, आणि मग उंच मनोऱ्याच्या अंगात बुटका मनोरा विरघळला. टेकडीवर एकच मनोरा उरला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. होडीचं यंत्र घुमत होतं, पाणी आणि आकाश एकाच रंगाचं झालं होतं, आणि कशालाच बाजू उरली नव्हती. मग त्या एका मनोऱ्याला पालवी फुटावी तसा दुसरा बाहेर आला, पलीकडून.

"आता?" बाईंनी विचारलं.

उत्तर ब्लॉकवाल्यांच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं. बाकावर वळून ते टेकडीकडे तोंड करून बसले, कपाळावर हाताची सावली धरली आणि नीट पाहिलं.

"आता डावीकडचा."

"बघून सांगितलंत?"

"बघून."

"बरं," बाई म्हणाल्या. थोड्या वेळाने, धुक्यातून, बारा माणसांपलीकडून त्यांचा आवाज आला, "बघत राहा. मी मध्येमध्ये विचारीन."